चिलटांची पाठवणी

खोली पाहायला गेलो त्या दिवशी मी घरमालकीण बाईजींच्या देखत टाळी वाजवली. नाकासमोर एक चिलट मघापासून घिरट्या घालत होतं आणि गावाकडची सवय, हात आपोआप उठले. चिलट निसटलं. पण बाईजींनी कमरेचा काढायला घेतलेला चाव्यांचा जुडगा पुन्हा खोचला आणि म्हणाल्या, "खोली द्यायची न्हाई मला."

सकाळपासून आम्ही नवीन जालन्यात पायपीट करत होतो. स्टेशनाच्या जवळपास दोन खोल्या मिळणं नव्वदच्या सुमारासही सोपं नव्हतं. माझी बायको मंगल पुढे झाली. "ह्यांच्या हातानं चिलट मरत असतं का बाईजी? आमच्या गावी, धावड्याला, म्हशीच्या अंगावरची माशी बी ह्यांना बघून उठत न्हाई." लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेवढ्यात सासरच्या म्हशीपर्यंत तिचा अभ्यास पोचला होता. बाईजी मला म्हणाल्या, "हात दाखवा." मी दोन्ही तळवे पुढे केले. त्यांनी ते दाराच्या उजेडाकडे वळवून, चष्मा खाली ओढून पाहिले. डाग नव्हता. चाव्या मिळाल्या.

चाव्यांबरोबर अटीही मिळाल्या. अंडं, मांस-मच्छी वर न्यायची नाही. कांदा-बटाटा ज्याचा त्यानं खावा, पण वरच खावा, जिन्यावरून खाली येता कामा नये. रात्री अंगणात दिवा लावून ठेवायचा नाही, किडे येऊन पोळतात. आणि चिलट मारायचं नाही. "मला कळतं," त्या म्हणाल्या. "टाळीचा आवाज अन् भजनातल्या टाळीचा आवाज येगळा असतो."

"पन इतकी चिलटं हायत कशानं इथं?" मंगलनं विचारलं.

"या, दाखवते."

घराच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली होती. बाईजींचे यजमान सरकीचा व्यापार करत, तेव्हाचं ते गोदाम. यजमान गेले, मुलगा हैदराबादला कापडाच्या धंद्यात पडला, गोदाम मोकळं झालं. आता तिथं विटांचा गुडघाभर उंच बांध घालून आत माती पसरली होती, आणि मातीवर कासवं फिरत होती. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेली, काही मुठीएवढी, काही ताटलीएवढी. एक कासव जास्वंदीचं फूल खात होतं आणि त्याच्या तोंडाभोवती चिलटांचा थवा घोंघावत होता. कासवाला त्याचं काही नव्हतं. त्रास सगळा बाईजींना होता.

ही कासवं शहागडच्या पुलाजवळ एका ट्रकमध्ये सापडली होती, गोणपाटात बांधलेली. कासव घरात असलं की गुप्तधन सापडतं असं मानणारे महाभाग आपल्याकडे कमी नाहीत. त्यांतल्याच कुणाकडे ती चालली होती. ट्रकवाला पकडला गेला, खटला उभा राहिला, आणि कासवं पुरावा म्हणून सांभाळणं वनखात्याच्या गळ्यात आलं. पांजरपोळात नेली, तर तिथं गाईंच्या खुरांखाली ती टिकणार कशी? बाईजी नेमक्या गाईंना चारा घालायला गेल्या होत्या. त्यांनी पोत्याचं तोंड उघडून आत पाहिलं आणि म्हणाल्या, "काही दिवस माझ्याकडं ठेवा." खटल्यातले काही दिवस म्हणजे किती असतात, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. आम्ही राहायला गेलो तेव्हा त्या काही दिवसांना दुसरं वर्ष लागलं होतं.

बाईजींचं नाव सुगनबाई, पण त्या नावानं हाक मारणारं माणूस गल्लीत उरलं नव्हतं. साठी ओलांडलेली, काटक अंगाची बाई. डोक्यावरून पदर, पायांत काही नाही, आणि चालताना नजर कायम जमिनीवर. पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून ही पद्धत. त्यामुळे त्या समोरच्या माणसाला आधी पायांवरून ओळखायच्या. "कोन, बँकेतले का? चप्पल नवी घेतली वाटतं," असं म्हणून मग वर पाहायच्या. मारवाडाला त्या 'आमचा देश' म्हणत. त्या देशात आयुष्यात एकदाच गेल्या होत्या, तिथला उकाडा सोसला नाही म्हणून आठ दिवसांत परतल्या, आणि जालन्याच्या स्टेशनावर उतरल्यावर "आता कसं बरं वाटून राह्यलं" म्हणाल्या. ही गोष्ट त्या स्वतःच सांगत.

कासवांवर त्यांचा फार जीव होता, आणि त्यांच्याकडे पाहण्याची रीतही स्वतंत्र होती. त्यांच्या मते कासवं ही जन्मानंच जैन. "बघा न, सूर्य मावळला की तोंड बंद. कोनाला चावत न्हाईत, कोनाच्या मागं धावत न्हाईत. घर पाठीवर, दुसरं काही जमा करायचं न्हाई. आमच्या समाजात दिवा घेऊन शोधलं तरी असा श्रावक सापडंना." त्यांनी कासवांना नावं ठेवली नव्हती. सगळ्यांना मिळून त्या 'आमचे श्रावक' म्हणत, आणि एखादं जरा खादाड निघालं तर "हे आमच्या घेवरचंदजींवर गेलं" म्हणत. घेवरचंदजी म्हणजे त्यांचे चुलत दीर, शेजारच्या जैन स्थानकाचे, म्हणजे साधू-साध्वी येऊन उतरतात त्या वास्तूचे, ट्रस्टी. त्यांचा पुढे संबंध येणार आहे.

श्रावक पवित्र असले तरी त्यांच्या अंगावर आलेली मंडळी तशी नव्हती. ट्रकमधून आली तेव्हा त्यांच्या पायांच्या घड्यांत गोचीड होते. गुरांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरनं चिमट्यानं एकेक काढला आणि सवयीनं चपलेखाली घ्यायला निघाला. बाईजींनी ओरडून त्याला थांबवलं आणि सगळे गोचीड एका डबीत घेतले. डबी हातात आल्यावर त्यांना कळलं की आपण आगीतून फुफाट्यात पडलो. गोचीड सोडायचे कुठं? गोठ्यात सोडले तर गाईला चावणार, रानात सोडले तर कुणाच्या तरी शेळीला. दिवसभर ती डबी देवघराबाहेर ठेवून त्या विचार करत बसल्या. "गोचिडाला काय गवत खा म्हनता येतं का?" शेवटी गावाबाहेर बाभळीच्या बुडाशी डबी उघडली आणि त्या दिवशी उपास धरला. गोचिडांचं पुढे काय झालं ते त्यांनाच ठाऊक, पण बाईजी महिनाभर बाभळीकडून येणाऱ्या गुराख्यांना "तुमच्या शेळ्या बऱ्या हायत न?" असं विचारायच्या.

चिलटांचं प्रकरण मात्र डबीत मावणारं नव्हतं. ओली माती, त्यावर पडलेला घोळीचा, तांदुळजाचा पाला, कासवांची घाण. चिलटांना आणखी काय पाहिजे? औषध मारायचा प्रश्नच नव्हता. धर्म तर आड येत होताच, शिवाय कासव मातीवरचंच खातं, तेव्हा विष त्याच्याही पोटात जायचं. बाईजींनी आपली एक पद्धत बसवली होती. "वल तिथं जन्म," हे त्यांचं सूत्र. "वल ठेवूच नका, मंग मारायचा सवालच येत न्हाई." उरलेला पाला दिवस मावळायच्या आत उचलायचा. पाण्याची परात सकाळी कासवांच्या अंघोळीपुरती आत, की लगेच बाहेर. वरची माती रोज उपसून अंगणात उन्हाला घालायची आणि वाळलेली आत आणायची. मातीवर बोटभर कोरडी वाळू. आणि सकाळी तीन खिडक्या बंद करून चौथी सताड उघडायची. अंधाराला कंटाळून चिलटं उजेडाकडे निघाली की बाईजी बाजूला उभ्या राहून पदरानं हलकेच वारा घालत. लेकीला वाटेला लावताना आई मागं मागं येते, तशा त्या खिडकीपर्यंत जायच्या.

यांतली एक गोष्ट मात्र आमच्या तिथल्या पहिल्या वर्षी साफ फसली. मातीच्या ज्या ढेकळांत चिलटांच्या अळ्या दिसत, ती ढेकळं त्या उचलून सुरक्षित जागी ठेवत. सुरक्षित जागा म्हणजे आमच्या गॅलरीखालच्या कुंड्या. कुंड्यांना पाणी रोजचं. अळ्यांची चिलटं झाली, चिलटं आधी वर आमच्या चहात आली आणि मग ओळीनं खाली मूळच्या खोलीत परत गेली. बाईजी चकित. "इतकी बाहेर काढून राह्यले, तरी कमी कशी होईनात?" मंगलनं त्यांना कुंड्यांपाशी नेऊन दाखवलं. बाईजींनी वाकून कुंड्यांतली माती पाहिली आणि मग स्वतःच खो खो हसायला लागल्या. "म्हंजे मी त्यान्ला माहेरपनाला पाठवून राह्यले होते!" त्यानंतर ढेकळांचा डबा रिक्षानं कुंडलिका नदीच्या काठी जाऊ लागला. रिक्षावाल्यानं एकदा विचारलं, "डब्यात काय हाय बाईजी?" त्या म्हणाल्या, "लेकरं हायत. चिलटांची. जरा हळू चालवा." तेव्हापासून रिक्षावाले आपापसात नंबर ठरवायला लागले, तुझी पाळी की माझी म्हणून.

असं सगळं बरं चाललं होतं. मग आमच्या तिथल्या तिसऱ्या की चौथ्या वर्षी घेवरचंदजी एका संध्याकाळी आले. पांढरंशुभ्र धोतर, हातात छत्री, आणि चेहऱ्यावर समाजाची काळजी. मी जिन्यात वर्तमानपत्र वाचत होतो. वाचत होतो म्हणजे वर्तमानपत्र हातात होतं.

"भाभीजी, ह्या वर्षी चौमासा आपल्या स्थानकात हाय. महासतीजी अंबडकडून पायी निघाल्यात," ते म्हणाले. महासतीजी म्हणजे जैन साध्वी. पावसाळ्याचे चार महिने त्या एकाच गावी राहतात, आणि गावाला ते भाग्य वाटतं. "स्थानकाची अन् तुमच्या खोलीची भिंत एक. वरच्या झरोक्यातून चिलटं तिकडं येऊन राह्यलीत. उद्या महासतीजींच्या पात्रात पडली, पान्यात पडली, त्यान्च्या हातून जीव गेला, तर दोष कोनाला?"

बाईजींचा चेहरा उतरला. हे म्हणणं खोटं नव्हतं.

"मंग काय करू म्हनता?"

"कासवं वनखात्याला परत करा. न्हाई तर..." घेवरचंदजींनी इकडंतिकडं पाहून आवाज उतरवला. माझ्याकडेही पाहिलं, पण भाडेकरू म्हणजे त्यांच्या हिशेबी भिंतच. "न्हाई तर त्या यायच्या आधी एकदा फवारून घेऊ. माझ्याकडं मानूस हाय. महासतीजींना काय कळतंय?"

"त्यान्ला न्हाई कळनार," बाईजी म्हणाल्या. "मला कळंल न."

घेवरचंदजी वाईट माणूस नव्हते. त्यांनी महासतीजी गावात येईपर्यंतची मुदत दिली, आणि तोवर चिलटं गेली नाहीत तर मी स्वतः गाडी आणून कासवं पोचवतो, असं सांगून गेले. वनखात्याच्या ऑफिसात तेव्हा छप्पर गळत होतं. पावसाळ्याचे चार महिने ओल्या फरशीवर ही कासवं तगणार नाहीत, हे बाईजींना माहीत होतं, घेवरचंदजींनाही माहीत होतं. त्या रात्री बाईजी जेवल्या नाहीत. तसं त्या दिवस मावळल्यावर कधीच जेवत नसत, पण मंगल म्हणाली की दुसऱ्या दिवशी दुपारचंही ताट तसंच होतं.

मी तेव्हा बियाण्याच्या एका कंपनीत उगवण तपासायच्या विभागात होतो. ओल्या मातीच्या ट्रेमध्ये बी रुजवून पाहायचं हे आमचं काम, त्यामुळे चिलटं आमच्याही पाचवीला पुजलेली. तिथं एक साधी युक्ती होती. कच्च्या बटाट्याची चकती मातीवर दाबून ठेवायची. रात्रीतून मातीतल्या अळ्या चकतीच्या खाली गोळा होतात, सकाळी चकती उचलली की अळ्या तिच्याबरोबर येतात. आम्ही त्या चकतीचं पुढे काय करत होतो ते मी बाईजींना सांगितलं नाही. पण एरवी हा उपाय त्यांच्या धर्मात बसणारा वाटला, म्हणून मोठ्या उत्साहानं सांगायला गेलो.

त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "बटाटा?"

माझ्या तेव्हा लक्षात आलं. जमिनीखालचं काही न खाणाऱ्या घरात मी चिलटांवर औषध म्हणून बटाटा घेऊन आलो होतो.

"खायचा न्हाई हो बाईजी, नुसता ठेवायचा."

"खायचाच सवाल न्हाई," त्या समजावणीच्या सुरात म्हणाल्या. "एका बटाट्यात अनंत जीव असतात. चिलटं मोजता तरी येतील. बटाटा कापला की किती गेले त्याचा हिशेबच न्हाई." मग एकेक बोट दुमडत म्हणाल्या, "सोतः करायचं न्हाई, दुसऱ्याकडून करवून घ्यायचं न्हाई, अन् कोनी केलं तर बरं केलं म्हनायचं न्हाई. हे तिन्ही एकच." मी जिना चढून वर आलो. धर्माच्या बारकाव्यात शिरलेल्या बाईपुढे बियाण्याच्या कंपनीचा माणूस कुठं टिकणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्या जिन्याच्या पायरीपर्यंत आल्या आणि खालूनच मंगलला म्हणाल्या, "मंगल, तू बटाट्याची भाजी करते तेव्हा सालीचं काय करते?"

"फेकते न."

"मंग फेकायच्या त्या मला दे. फेकायच्याच."

तिथून आमच्या घरात बटाट्याचा चातुर्मास सुरू झाला. मंगलनं सोमवारी बटाट्याची भाजी केली, मंगळवारी बटाट्याचा रस्सा, बुधवारी काचऱ्या. साल निघायची ती बोटाएवढी जाड, आत अर्धा बटाटा. मी तक्रार केली तर म्हणाली, "खा गुमान. तितकंच पुण्य लागंल." बाईजी रोज सकाळी स्टीलचा डबा घेऊन पायरीशी उभ्या असत, साली घेऊन जात, संध्याकाळी कासवं कोपऱ्यात जाऊन मुटकुळं करून बसली की मातीवर ठेवत, सकाळी उचलत. खाली दोऱ्यासारख्या पांढऱ्या, काळ्या डोक्याच्या अळ्या वळवळत असत. युक्ती लागू पडली. डबा भरून कुंडलिकेवर जाऊ लागला, आणि काठावर रिकामा करताना बाईजी हात जोडून अळ्यांची क्षमा मागायच्या, जागा बदलायला लावली म्हणून.

पाच-सहा दिवसांनी मात्र त्या जिना चढून वर आल्या. वर त्या सहसा येत नसत. चुलीवरच्या कढईत डोकावल्या.

"आज बी बटाटा?"

"हो. लई आवडतो ह्यांना," मंगल म्हणाली. मी मान हलवली. माझी मान तेव्हा बटाट्याच्या नुसत्या वासानंही हलत होती.

"अन् साल येवढी जाड?"

"विळी बोथट झाली बाईजी."

बाईजींनी विळीच्या पात्यावर हलकेच बोट ठेवलं. विळी कालच धार लावून आणली होती. त्यांनी स्टीलचा डबा ओट्यावर ठेवला. रागावल्या नाहीत, पण आवाज अगदी खाली गेला होता. "बाळा, माझ्यासाठी कापलेला बटाटा मीच कापला." मंगलच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईजींनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, डबा तिथंच सोडला आणि खाली गेल्या. पाच-सहा दिवसांचं पाप त्यांनी आपल्या नावावर मांडलं आणि त्याचं प्रायश्चित्त म्हणून काय काय खायचं सोडलं ते आम्हाला सांगितलं नाही.

दोन दिवसांत चिलटं परत वाढली. पाऊस लागलेला, माती वाळवायला ऊन नाही. महासतीजी शहरापासून एका मुक्कामावर आल्याची बातमी आली. घेवरचंदजींनी मोटारवाल्याला सांगून ठेवलं. बाईजी कासवांच्या खोलीत बसून राहायच्या, आणि त्यांना पाहून मंगल वर येऊन माझ्यावर चिडायची, जणू चिलटं मीच पाळली होती.

एका सकाळी मी ऑफिसला निघालो तर स्टेशनासमोर बशीरभाईंच्या भजीच्या गाडीपाशी घोळका दिसला. घोळक्यात डोक्यावरून पदर घेतलेल्या बाईजी. हातात नवा डबा. तेलाचा, लसणाचा वास, शेजारी ट्रकवाले भजी खात उभे, आणि बाईजींची नजर नेहमीप्रमाणे जमिनीवर, बटाट्याच्या टोकांवर. भजीसाठी चकत्या करताना बटाट्याची दोन टोकं उरतात, बशीरभाई ती खाली पाटीत टाकत.

"बशीरभाई, हे तुमी फेकता न?"

"फेकते, नै तो बकरीकू डालते. क्यों अम्मा?"

"मला द्या. बकरीला पुरून उरतील तेवढीच."

बशीरभाईंना वाटलं, म्हातारीची काही अडचण आहे. त्यांनी चांगला मोठा बटाटा उचलला आणि सुरी लावली. "ये ताजा काट के देतूं अम्मा, कचरा कायकू?"

"न्हाई! बिलकुल न्हाई!" बाईजी इतक्या जोरात ओरडल्या की ट्रकवाल्याच्या हातातलं भजं थांबलं. "माझ्यासाठी एक बी कापायचा न्हाई. मी आले न्हाई असं समजा. रोज कापता तेवढंच कापा, फेकता तेवढंच द्या." बशीरभाईंनी जन्मात पुष्कळ गिऱ्हाइकं पाहिली होती, चांगला माल नको म्हणून भांडणारं हे पहिलंच. पण माणूस समजूतदार. त्यांनी सुरी खाली ठेवली, कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "जैसा बोले वैसा." त्या दिवसापासून पाटी रोज सकाळी गाडीच्या कडेला ठेवलेली असे, आणि बाईजी आल्या की बशीरभाई मुद्दाम दुसरीकडे बघत. त्यांना काही न कळताही ते बरोबर कळलं होतं.

बातमी वाऱ्यासारखी पसरली. सुगनबाई भजीच्या गाडीवर! घेवरचंदजी धावत आले. दारातूनच म्हणाले, "भाभीजी, काय ऐकून राह्यलो मी? तुम्ही अन् भजीच्या गाडीवर?"

"हो," बाईजी म्हणाल्या. "उद्या बी जानार हाय. तुम्हाला काही आनायचं का?"

घेवरचंदजी छत्री न उघडताच पावसात परत गेले.

महासतीजी आल्या तेव्हा गल्ली धुऊन स्वच्छ केली होती. वाळू रोज कढईत कोमट करून घातलेली, टोकांचा डबा रोज नदीवर गेलेला. स्थानकात आल्यावर थोरल्या महासतीजी झरोक्याखाली उभ्या राहिल्या, वर पाहिलं, बाजूच्या भिंतीकडे पाहिलं. एखाददुसरं चिलट असेल तर असेल. घेवरचंदजींनी मोटारवाल्याला हातानंच जा म्हणून खूण केली. कासवं राहिली.

त्या दुपारी बाईजींनी सगळी हकीकत महासतीजींना सांगितली, बटाट्यासकट. त्यांनी ऐकून घेतली आणि विचारलं, "हे सगळं चिलटांसाठी केलं, का कासवांसाठी?" बाईजींनी खरं सांगितलं, "कासवांसाठी." महासतीजी म्हणाल्या, "मंग दया थोडी झाली बाई, मोह जास्ती झाला." हे बाईजींनी स्वतः वर येऊन मंगलला सांगितलं, आणि वर म्हणाल्या, "बराबर म्हनल्या त्या. पन आता काय करू? झाला तो झाला."

त्यानंतर किती तरी वर्षं ती खोली तशीच चालली. खटला कधी तालुक्याला, कधी जिल्ह्याला. आम्ही पोराबाळांवाले झालो, घर बांधलं, औरंगाबाद रस्त्याकडे राहायला गेलो. दोन हजार सालाच्या पुढेमागे निकाल लागला आणि वनखात्याची गाडी आली; कासवं आंध्राकडच्या रानात, जिथं त्यांचे भाऊबंद राहतात, तिथं सोडायची होती. मंगलला सकाळीच निरोप आला, म्हणून आम्ही दोघं गेलो. खात्याच्या माणसांनी खोक्यांत गवत घातलं होतं, ते पावसानं दमट झालेलं. बाईजींनी मूठभर गवत नाकाला लावलं आणि सगळी खोकी अंगणात उलटी केली.

"बाई, उशीर होऊन राह्यला," वनरक्षक म्हणाला.

"हुईल. वल्या गवतात बसवून न्यायचे का माझे श्रावक? शहागड यायच्या आत चिलटं धरतील. वाळू द्या."

गवत वाळेपर्यंत गाडी थांबली. बाईजींनी तोवर लापशी केली आणि गल्लीत घरोघर वाटली, वनरक्षकालाही खायला घातली. कासवं खोक्यांत बसली तेव्हा त्यांनी एकेकाच्या पाठीवरची वाळू पदरानं पुसली. रडल्या नाहीत. गाडी हलली तेव्हा म्हणाल्या, "रानात गेले, लई बरं झालं. जिवाला त्याची जागा मिळाली." तोंडानं हे म्हणत होत्या आणि हातानं मंगलचा दंड इतका घट्ट धरला होता की घरी गेल्यावर मंगलनं मला वळ दाखवला.

दिवाळीत मी त्यांना फराळाचं द्यायला गेलो. मंगलनं सगळं त्यांना चालेल असं, बेसनाचं आणि तुपातलं केलं होतं. पुढचं दार उघडं होतं, आत कुणी नव्हतं. मागच्या खोलीत गेलो. बाईजी विटांच्या बांधावर बसल्या होत्या. फार खंगल्या होत्या. माझ्या पायांकडे पाहून ओळखलं आणि म्हणाल्या, "या." आतली माती तशीच पसरलेली होती, वरची वाळू मात्र एका कोपऱ्यात बाजूला सारलेली. त्यांच्या हातात तांब्या होता, आणि त्या कोपऱ्यातल्या मातीवर त्या थोडं थोडं पाणी घालत होत्या. पाल्याची दोन-तीन पानंही तिथं टाकलेली होती, सडायला लागलेली.

जीव जन्माला येईल अशी ओल करून ठेवणं हा त्यांच्या धर्मात दोष आहे, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. मला फार वाईट वाटलं. जे दिसत होतं तेच बोललो.

"बाईजी, माती भिजून राह्यली."

"भिजू द्या."

"चिलटं होतील न."

त्यांनी तांब्यातलं उरलेलं पाणीही कोपऱ्यात ओतलं आणि ते मातीत मुरेपर्यंत पाहत राहिल्या.

"होऊ द्या," त्या म्हणाल्या. "कोनी तरी येऊ द्या."